तेवीस नंबरचं कासव: पुनर्वसन केंद्रातल्या बारा आठवड्यांच्या नोंदी

३ नोव्हेंबर

इंटर्नशिपचा पहिला दिवस. केंद्रात आत्ता सात समुद्री कासवं आहेत: चार ऑलिव्ह रिडले, दोन ग्रीन, एक हॉक्सबिल. सकाळी सहाला आले, संध्याकाळी सहाला निघाले आणि दिवसभरात एकाही कासवाला हात लावला नाही. गरज नसताना हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. माणूस दिसला की खायला मिळतं, हे एकदा कासवाच्या डोक्यात बसलं की समुद्रात गेल्यावर ते होड्यांच्या जवळ जाणार, आणि मग पुन्हा इथेच येणार किंवा येणारही नाही. म्हणून टाकीजवळ बोलायचं ते हळू आणि कामापुरतं. कासवांना नावंही द्यायची नाहीत. वर्षभरात जे कासव कितवं आलं तो त्याचा नंबर.

तीन टाक्या घासल्या. सँड फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून तो धुणं, शिकले. पाण्याची क्षारता, तापमान, पीएच आणि क्लोरीन मोजून फळ्यावर लिहिलं. प्रत्येक टाकीचा ब्रश, बादली, जाळी वेगळी, रंगावरून ओळखायची. एका टाकीतून दुसरीकडे जाताना बूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे आणि हात धुवायचे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, त्यामुळे हे धुणं जितकं त्यांच्यासाठी तितकंच आपल्यासाठीही.

५ नोव्हेंबर

आज खाद्याची खोली. गोठवलेली तारली आणि माकूळ आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायची, सावकाश वितळू द्यायची. गरम पाण्यात टाकायची नाही, ओट्यावर ठेवायची नाही. गोठवलेल्या माशांत ब१ जीवनसत्त्व कमी होतं, आणि काही माशांत तर ते मोडणारं एन्झाइमच असतं. म्हणून प्रत्येक कासवाची गोळी एका माशाच्या कल्ल्यात खुपसायची आणि तो मासा सगळ्यात आधी द्यायचा.

संध्याकाळी माझी एक चूक उघड झाली. वीस नंबरला सकाळी ३०० ग्रॅम तारली दिली आणि नोंदवहीत तसं लिहिलं. दुपारी टाक्या सांभाळणाऱ्या काकांना पाणी उपसताना कोपऱ्यातल्या पाइपमागे चार मासे सापडले, त्यातला एक गोळीवाला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "हे तू दिलेलं आहे, की त्याने खाल्लेलं?" वहीत दोन रकाने होते. मी दोन्हींत एकच आकडा भरला होता.

कासव खायचं थांबतं ते आजार वाढल्यावर, आणि आपल्याला ते कळायचा पहिला रस्ता म्हणजे हा दुसरा रकाना. तो खोटा भरला तर पुढचं सगळं खोटं. उद्यापासून उरलेला प्रत्येक तुकडा जाळीने काढून वजन करणार.

९ नोव्हेंबर

पाठीवरच्या ढाली, म्हणजे कवचावरचे मोठे खवले, मोजून जात ओळखायची, ते आज पक्कं केलं. बाजूच्या ढालींच्या चार जोड्या असतील तर ग्रीन किंवा हॉक्सबिल. मग डोळ्यांच्या मधले खवले बघायचे: एक जोडी असेल तर ग्रीन, दोन असतील तर हॉक्सबिल. ऑलिव्ह रिडलेला बाजूला सहा किंवा त्याहून जास्त, आणि पुष्कळदा डावीकडे वेगळ्या नि उजवीकडे वेगळ्या.

११ नोव्हेंबर

दुपारी चारच्या सुमाराला फोन आला. मासेमारीला गेलेल्या दोघांना समुद्रात तरंगणारं जाळं दिसलं, त्यात कासव होतं. ओढून सोडवायच्या फंदात न पडता त्यांनी बाहेरचं जाळं कापलं आणि अंगाला आवळलेलं तसंच ठेवून कासव आणलं. वर ओलं पोतं, नाकपुड्या मोकळ्या. मला त्या दोघांचे आभार नीट मानता आले नाहीत, कारण तोवर डॉक्टरांनी हाक मारली.

नंबर तेवीस. ऑलिव्ह रिडले, मादी, बहुधा पूर्ण वाढलेली. कवचाची लांबी वळणावरून टेपने ६४ सेंमी, वजन २४.६ किलो. या लांबीला हे फार कमी. डोळे खोल गेलेले, मान सुरकुतलेली, पोटाकडचं कवच आत दबलेलं. पाठीवर बार्नॅकल (घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) आणि शेवाळ, मागच्या पायांच्या खाचेत जळवा. निरोगी पोहणाऱ्या कासवाच्या अंगावर एवढं काही साचत नाही, फार दिवस जागच्या जागी तरंगल्याची ही खूण.

जाळ्याचे पीळ डाव्या खांद्याशी मांसात इतके रुतले होते की वरून दोरा दिसतच नव्हता, नुसती एक गडद खाच दिसत होती. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक पीळ उचलायचा, खालून बोथट टोकाची कात्री सरकवायची, कापायचा. मी उजवा फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखा पुढचा पाय, धरून होते. कासवाला हात लावण्याची ही माझी पहिली वेळ. कातडी थंड आणि अपेक्षेपेक्षा मऊ, आणि आतला स्नायू मात्र मध्येच घट्ट होत होता. मिनिटभर काहीच नाही, मग मान वर, तोंड उघडून एक जोरदार श्वास, आणि पुन्हा शांत. डोळ्यांतून घट्ट पाणी येत होतं. डोळ्यांमागच्या ग्रंथी शरीरातलं जास्तीचं मीठ अशा प्रकारे बाहेर टाकतात हे मला माहीत होतं. तरी ते बघवत नव्हतं.

पाठ म्हणजे नुसती ढाल नव्हे. कणा आणि बरगड्या त्या कवचाला जोडलेल्या असतात, वरचा थर केराटिनचा, खाली जिवंत हाड. तिथला स्पर्श त्यांना कळतो. म्हणून पाठीवर वस्तू ठेवायची नाही, थापट्या मारायच्या नाहीत, उलटं पाडून ठेवायचं नाही. उलटं झालं की आतल्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो, फुप्फुसं पाठीला लागूनच असतात.

रात्री वजनाच्या सुमारे एक टक्का सलाइन. खाणं नाही.

१२ नोव्हेंबर

रक्त मानेच्या वरच्या बाजूने काढतात. पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण) १९, निरोगी कासवात तो ३० च्या आसपास असायला हवा. साखर कमी. सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदाच कासवाच्या लाल पेशी पाहिल्या. आपल्या लाल पेशींत केंद्रक नसतं, यांच्यात असतं, लंबगोल पेशीच्या मधोमध एक जांभळा ठिपका.

एक्स-रे मध्ये गळ नाही, फुप्फुसं दोन्ही बाजूंना सारखी. पण आतड्यात ठिकठिकाणी वायू. तरंगण्याचं कारण तेच. टाकीत सोडल्यावर कासवाचा मागचा भाग उजवीकडे वर उचललेला राहतो, ते खाली जायला जोर लावतं आणि बुचासारखं पुन्हा वर येतं. वायू का अडलाय, ते एक्स-रे सांगत नाही. धातूचा गळ त्यात दिसतो, प्लॅस्टिक आणि नायलॉन दिसत नाहीत.

प्रतिजैविक सुरू: सेफ्टाझिडीम, दर ७२ तासांनी. थंड रक्ताच्या प्राण्याचं शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं, म्हणून एवढं अंतर. सुई पुढच्या खांद्याच्या स्नायूत, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांतून होऊन पुढे जाऊ शकतं.

१४ नोव्हेंबर

गोड्या पाण्यात एक दिवस ठेवल्यावर जळवा गळून पडल्या, बार्नॅकलही मेली. मेलेली बार्नॅकल हाताने उपटायची नाहीत, खालची ढाल सोलून येते. सैल झालेली तेवढीच काढली.

माकुळाचे लहान तुकडे देऊन पाहिले. सहा दिले, दोन खाल्ले. दोन्ही रकाने वेगवेगळे भरले! उपाशी राहिलेल्या कासवाला एकदम पोटभर द्यायचं नसतं, रक्तातल्या क्षारांचा तोल ढासळतो. त्यामुळे दोनवरही समाधान.

२० नोव्हेंबर

डावा फ्लिपर कोपराखाली काळा पडला होता, टोकाला चिमटा काढला तरी हालचाल नाही. पीसीव्ही २२ पर्यंत वर आल्यावर आज तो खांद्यापासून काढला. मी डॉक्टरांना विचारलं, मग हे परत समुद्रात जाऊ शकेल का? त्या म्हणाल्या, पुढचा एक फ्लिपर नसलेली कासवं पोहतात, खोल जातात, खातात. मादीच्या बाबतीत मागचा पाय जाणं उलट जास्त अवघड, कारण अंड्यांचा खड्डा मागच्या पायांनी खणायचा असतो.

शस्त्रक्रिया दीड तासाची, शुद्धीवर यायला मात्र रात्र लागली. कासवं श्वास रोखून धरण्यात पटाईत, त्यामुळे गुंगीचा वायू शरीरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. नळीला जोडलेला फुगा मिनिटाला एकदा दाबायचा, छातीचा भाग किंचित हलताना बघायचा, डॉपलरवर हृदयाचे ठोके मोजून लिहायचे. डॉक्टर, काका आणि मी, आळीपाळीने. २२, २०, २१, २४. पहाटे २:४० ला मान हलली. ३:१५ ला स्वतःचा पहिला श्वास. दुसरा ३:१९ ला. त्या चार मिनिटांत तिघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

२१ नोव्हेंबर

जखम कोरडी. खाणं नाही. झोप नाही (माझी).

२६ नोव्हेंबर

सकाळच्या फेरीत तेवीसच्या शेपटीखालून एक हिरवट दोरा लोंबताना दिसला. बोटभर लांब. ड्रेसिंगसाठी कासव बाहेर घेतलं होतं, चिमटा माझ्या हातात होता, आणि हात आपोआप पुढे गेला. एवढ्या दिवसांनी अडथळा समोर दिसतोय, धरला की बाहेर.

"अजिबात ओढू नकोस." डॉक्टर एवढ्या मोठ्याने बोललेल्या मी कधी ऐकलं नव्हतं.

नंतर त्यांनी समजावलं ते इथे लिहून ठेवते, कारण हे समुद्रावर कासव सापडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. दोऱ्याचं दुसरं टोक आत कुठे अडकलंय ते आपल्याला माहीत नसतं. जठरात असेल, घशातही असू शकतं. पायजम्याची नाडी ओढली की कापड चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं. आणि ताणलेला दोरा आतड्याच्या भिंतीला आतून करवतीसारखा कापतो. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा दिसला तर तो ओढायचा नाही. कशात अडकू नये एवढ्यापुरता बाहेरचा भाग कापायचा, थोडा दिसता ठेवायचा, आणि कासव डॉक्टरांकडे पोचवायचं.

आम्ही कापला. ३ सेंमी बाहेर ठेवला. खाण्यातून पातळ पॅराफिन, सलाइन चालू, पाण्याचं तापमान २७ अंशांवर स्थिर. थंडावलं की आतडंही मंदावतं. बाकी करण्यासारखं काही नाही. मला सर्वांत कठीण जातंय ते हेच.

२७ नोव्हेंबर: ४ सेंमी. दिले ८० ग्रॅम, खाल्ले ३५.

२८ नोव्हेंबर: ४ सेंमी. दिले ८०, खाल्ले ४०.

२९ नोव्हेंबर: ७ सेंमी! दिले ८०, खाल्ले ८०.

३० नोव्हेंबर: ७ सेंमी. काहीच खाल्लं नाही. दिवसभर टाकीच्या भिंतीला उजवी बाजू टेकवून. डॉक्टरांनी पोट उघडायची तयारी करून ठेवली आहे. दोन दिवस वाट बघू म्हणाल्या.

१ डिसेंबर: ७ सेंमी.

२ डिसेंबर

पहाटे ५:४० ला टाकी ४ च्या पाण्यावर विष्ठा तरंगताना दिसली. शेपटीखाली बघितलं, दोरा नाही.

बारीक जाळीने सगळं गोळा केलं, चाळणीत घेतलं आणि वरून पाण्याची अगदी बारीक धार सोडली. आधी गढूळ, तपकिरी. मग माकुळाची एक चोच, नखाएवढी, काळी, चकचकीत. मग दोरा वर यायला लागला. पिळाचा नायलॉन, तीन ठिकाणी गाठी, आणि प्रत्येक गाठीत पातळ पारदर्शक पिशवीचे तुकडे गुरफटलेले, ओल्या कागदासारखे मऊ पडलेले, पण फाटत नव्हते. बोटांत घेऊन ताणून बघितलं तरी नाही.

ट्रेवर पसरून मोजलं. दोरा ७१ सेंमी, प्लॅस्टिकचे तुकडे नऊ. वाळवून वजन ६.३ ग्रॅम. मी तीनदा वजन केलं. २४ किलोचं कासव एवढ्याशा वजनाने आठवडेच्या आठवडे पाण्यावर अडकून पडलं होतं.

काकांना सांगायला गेले तर ते आधीच टाकीपाशी उभे होते. बघ, म्हणाले. तेवीसच्या मागून बुडबुड्यांची एक माळ वर येत होती.

५ डिसेंबर

बुडालं.

सकाळी ७:१२ ला मान खाली घातली, उरलेला उजवा फ्लिपर एकदा मागे मारला, आणि सरळ तळाला. मी वर येण्याची वाट बघत घड्याळ धरून उभी राहिले. एक मिनिट. दोन. चार. नऊ मिनिटांनी श्वासाला वर आलं, आणि पुन्हा खाली. समुद्रावर वाढलेल्या माणसाला बुडण्याचा आनंद होणं विचित्र वाटेल, पण इथे गेले पंचवीस दिवस आम्ही सगळे फक्त याचीच वाट बघत होतो.

शेजारच्या टाकीत पंधरा नंबर आहे. होडीचा पंखा लागून कण्याला मार बसलेला. त्याच्या पाठीवर मागच्या बाजूला वजनं चिकटवून त्याला सरळ ठेवावं लागतं, ढाली वाढतात तशी ती गळतात आणि पुन्हा चिकटवावी लागतात. त्याच्याकडे परतीचा रस्ता नाही. तेवीस बुडालं तेव्हा माझं लक्ष पंधराकडे गेलं, आणि आनंद असूनही तो पूर्ण वाटला नाही.

११ डिसेंबर

चोवीस नंबर गेलं. परवा आलेलं, लहान हॉक्सबिल, अर्धवट बेशुद्ध. रात्री साडेतीनला ठोके थांबले. तासभर प्रयत्न केले.

सकाळी शवविच्छेदनाला डॉक्टरांनी मला विचारलं, थांबशील का? थांबले. अन्ननलिका उघडल्यावर आत सगळीकडे टोकदार काटे, सगळे जठराच्या दिशेने वळलेले. गिळलेलं भक्ष्य, पाणी बाहेर टाकताना सोबत निसटू नये म्हणून ही रचना. याच काट्यांमुळे एकदा गिळलेलं प्लॅस्टिकही मागे फिरत नाही. पुस्तकात चित्र बघितलं होतं. बोट फिरवल्यावर एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला अडवणारं, ते चित्रात नव्हतं.

जठरात काय होतं त्याची यादी वहीत आहे. इथे पुन्हा लिहीत नाही.

२० डिसेंबर

एकोणीस नंबर सुटलं. लहान ग्रीन, गळ गिळून आलेलं. शेवटचे निकष एकेक करून तपासले: खोल जातं, दोन्ही बाजूंनी सारखं वळतं, स्वतः शोधून खातं, रक्त ठीक, औषधं बंद होऊन पुरेसे दिवस झालेले. खांद्यात मायक्रोचिप, फ्लिपरला धातूचा टॅग. पाण्यापासून चार पावलांवर ठेवलं आणि मागे सरकलो. बराच वेळ ते जागचं हललंच नाही. मग एक लाट त्याच्या मानेपर्यंत आली, आणि ती परत फिरेपर्यंत ते तिच्यासोबत निघून गेलेलं होतं. मला वाटलं होतं निदान डोकं तरी दिसेल. नाही दिसलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, असंच हवं.

२ जानेवारी

तेवीसचे टाके सहा आठवड्यांनी काढले. सस्तन प्राण्यांचे दहा-बारा दिवसांत निघतात, यांची कातडी सावकाश जुळते. पीसीव्ही २७. वजन २७.२.

खाली जाऊन खाण्याची सवय राहावी म्हणून पाइपच्या तुकड्यांत माकूळ भरून तळाशी ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाइपाला नाकाने ढकलत टाकीभर फिरलं. तिसऱ्या दिवशी एका बाजूने टोचून दुसऱ्या बाजूने काढायचं त्याला समजलं.

१५ जानेवारी

एका फ्लिपरने सरळ जाता येत नाही, गोल फिरायला होतं, ही माझी भीती होती. आधीचे काही दिवस तसंच झालं. आता मागचा डावा पाय थोडा बाहेर काढून सुकाणूसारखा धरतं आणि सरळ जातं. कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ घेऊन ठेवला, डॉक्टरांना सोडण्याची तारीख ठरवताना लागेल. तारीख मी गेल्यानंतरची असणार, बहुतेक मार्चमधली.

२४ जानेवारी

शेवटचा दिवस. पुढच्या इंटर्नसाठी टाकी ४ ची नोंद:

तेवीस. वजन २९.१, पीसीव्ही २९. तारली नीट घेतं, गोळीचा मासा पहिला. पाइप सकाळी भर, दुपारी काढून मोज. दिलेलं आणि खाल्लेलं वेगळं लिही. डावीकडे वळताना अजून जरा मंद. शेपटीखाली रोज बघ, काही दिसलं तर हात लावू नकोस, डॉक्टरांना हाक मार. त्याच्याशी बोलू नकोस, कितीही वाटलं तरी.

आज पहाटे ५:५० पासून तळाशी, कमानीच्या पाइपखाली, डोळे मिटलेले. ६:३२ ला श्वासासाठी वर. ६:३३ ला पुन्हा खाली.